साक्षीदार कुणाच्या बाजूचा?

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात कुणी ‘सरकार काहीतरी लपवतंय’ असे म्हटले, तर बाहेरच्या माणसाने हसण्याआधी जरा थांबावे. सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात सर्वांत आधी ज्या गावात शिरले, ते मणिबेली याच तालुक्यातले. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली निवाडा दिला, तेव्हा जमिनीच्या बदल्यात जमीन आणि बुडण्याआधी पुनर्वसन असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. महाराष्ट्राची ३३ गावे बुडितात जाणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली. गावकरी वर्षानुवर्षे सांगत राहिले की आमची धड मोजणी झालेली नाही, पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन वनखात्याच्या नावावर असल्याने आम्हाला खातेदार मानत नाहीत, यादीत बापाचे नाव आहे आणि वेगळी चूल मांडलेल्या मुलाचे नाही. ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ विस्थापित हे सरकारी शब्द या डोंगरात घरोघर पोचले ते असे. यावर पलीकडचे उत्तर ठरलेले असे: हे विकासाचे विरोधक आहेत, यांना बाहेरून पैसा येतो, यांच्यामागे कुणाचा तरी हात आहे. एकीकडून लपवाछपवीचा आरोप, दुसरीकडून परकीय हाताचा. दोघांनाही समोरची बाजू म्हणजे एक कट वाटत होती.

कटाचे दावे करणारे माहितीपट कसे पारखावेत, हा प्रश्न मला म्हणूनच मणिबेलीपासून सुरू करावासा वाटतो. ‘असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका’ हा शहरी सल्ला इथे सपशेल चुकला असता. अधिकृत कागदापेक्षा पाड्यावरच्या माणसाचे बोलणे खरे निघाले.

खरे निघाले, हे ठरले कसे? जागतिक बँकेने १९८५ साली या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. टीका वाढत गेली, तेव्हा १९९१ मध्ये बँकेने स्वतःच एक स्वतंत्र समिती नेमली. तिचे अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स हे अमेरिकी संसदेचे माजी सदस्य आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. त्यांच्यासोबत कॅनडाचे माजी न्यायाधीश थॉमस बर्जर. या दोघांना नर्मदेच्या आंदोलनाचे कार्यकर्ते म्हणण्याची सोय नव्हती. त्यांनी जून १९९२ मध्ये दिलेला अहवाल बँकेला झोंबणारा होता: प्रकल्प सदोष आहे, आहे त्या परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचे पुनर्वसन होणे शक्य नाही, पर्यावरणावरच्या परिणामांचा नीट विचार झालेला नाही, बँकेने मागे सरावे. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नको असल्याचे कळवून टाकले. पुढे महाराष्ट्र सरकारने न्यायमूर्ती दाऊद यांची समिती नेमली, आणि २००१ साली त्या समितीलाही पुनर्वसन अपुरेच आढळले.

बँकेने नेमलेली माणसे बँकेच्या विरोधात बोलली, राज्याने नेमलेली समिती राज्याच्या विरोधात बोलली. मला जे म्हणायचे आहे त्याचा गाभा एवढाच आहे. दावा खोटा ठरला असता तर ज्याची सोय झाली असती, तोच जेव्हा तो खरा असल्याचे सांगतो, तेव्हा त्या दाव्यात वजन येते. माहितीपट कितीही हलवून सोडणारा असो, त्याचे संगीत कितीही काळजात घुसो, असा साक्षीदार त्यात आहे की नाही हे पाहावे. नसेल, तर निदान असा साक्षीदार उभा राहण्याची वाट त्याने मोकळी ठेवली आहे का, हे पाहावे.

आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ १९९५ साली आला. मणिबेलीचा लढा त्यात आहे. हा चित्रपट उघडपणे एका बाजूचा आहे आणि ते तो लपवत नाही. पुष्कळांना वाटते की बाजू घेतली म्हणजे विश्वासार्हता गेली. मला तसे वाटत नाही. वकीलही बाजू घेतो, पण तो तारीख, ठिकाण आणि नाव सांगतो आणि समोरच्याला उलटतपासणीची संधी देतो. या चित्रपटातली गावे नकाशावर होती, माणसे जिवंत होती, ज्याला शंका असेल त्याने अक्कलकुव्याहून मोलगीकडचा रस्ता धरून खाली नदीपर्यंत उतरावे आणि विचारावे, अशी सगळी सोय होती. गावोगाव पूर्ण याद्या लावलेल्या आणि जमिनी वाटलेल्या सापडल्या असत्या, तर हा चित्रपट एका दिवसात खोटा पडला असता. हरण्याची शक्यता अंगावर घेऊन तो उभा होता.

पण त्याच्या साक्षीलाही हद्द आहे. कॅमेरा मणिबेलीत होता, म्हणून मणिबेलीत काय घडले ते तो सांगू शकतो. धरणाचे पाणी कच्छला पोचेल की नाही, याबद्दल मणिबेलीतला कॅमेरा काय सांगणार? धरणाच्या विरोधकांत अनेक जण ठामपणे म्हणत असत की सौराष्ट्र-कच्छचे नाव नुसते पुढे केलेले आहे, पाणी तिथवर जाणार नाही. पाणी गेले. रखडत गेले, कालव्यांची कामे वर्षानुवर्षे लोंबकळली, कच्छच्या कालव्याचे शेवटचे टोक गाठायला २०२२ उजाडले, पण गेले. विस्थापितांबद्दल आंदोलन बरोबर होते आणि कच्छबद्दलचा हा ठामपणा टिकला नाही, ही दोन्ही विधाने एकाच वेळी करता आली पाहिजेत. आपण मात्र चित्रपट पाहून उठतो तेव्हा सगळा गठ्ठा डोक्यावर घेतो, नाहीतर सगळाच फेकून देतो.

आता दुसरी जात पाहू. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत लोक घरी अडकलेले असताना, ‘प्लॅनडेमिक’ नावाची २६ मिनिटांची फिल्म जगभर फिरली. करोना ही ठरवून आणलेली साथ आहे, असे सुचवणारी. तिचा सारा भार ज्युडी मिकोविट्स या एका शास्त्रज्ञ बाईंच्या मुलाखतीवर होता. प्रस्थापितांनी त्यांचे संशोधन दडपले, असा सूर. एका विषाणूचा एका आजाराशी संबंध जोडणारा त्यांचा २००९ मधला गाजलेला शोधनिबंध ‘सायन्स’ या नियतकालिकाने २०११ मध्ये मागे घेतला, हे खरे. पण २०१२ साली त्याच विषयाची मोठी फेरतपासणी झाली, ती करणाऱ्यांत मिकोविट्स स्वतः होत्या, आणि आपण म्हटलेल्या विषाणूचा त्या आजाराशी संबंध आढळत नाही, या निष्कर्षाखाली त्यांचेही नाव आहे. म्हणजे स्वतःच्या विरोधात जाणारा साक्षीदार इथेही होता, आणि तो खुद्द नायिकाच होती. फिल्मने तेवढाच भाग वगळला.

‘लूज चेंज’ची गोष्ट याहून मासलेवाईक. अकरा सप्टेंबरचा हल्ला अमेरिकी सरकारनेच घडवला, असे सांगणारी ही फिल्म २००५ साली डिलन एव्हरी या विशीतल्या तरुणाने दोनेक हजार डॉलरमध्ये केली. तिची सुरुवात काल्पनिक पटकथा म्हणून झाली होती. काही मित्रांना हा हल्ला सरकारचेच काम असल्याचा शोध लागतो, अशी ती कथा. लिहिता लिहिता कथेचा माहितीपट झाला. पुढे तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. विमानाच्या पोटाखाली काहीतरी चिकटवलेले होते, हा पहिल्या आवृत्तीतला दावा टिकेना, तेव्हा तो गाळला गेला. आधाराची एक वीट निघाली, निष्कर्षाला मात्र ओरखडाही उठला नाही. निष्कर्ष त्या विटांवर उभाच नव्हता, हे त्यावरून कळते.

आणि कधी कधी फसवणुकीसाठी खोटे चित्रण लागतही नाही, कात्री पुरते. विल्यम कारेल या फ्रेंच दिग्दर्शकाने २००२ साली ‘ऑपरेशन ल्यून’ नावाचा चित्रपट केला. चंद्रावर उतरण्याचे चित्रण स्टॅन्ली कुब्रिकने स्टुडिओत केले, असे त्यात हेन्री किसिंजर, डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्यासारख्या खऱ्या माणसांच्या मुलाखतींतून ‘सिद्ध’ होते. ती मंडळी बोलली होती भलत्याच संदर्भात, मधले दुवे नटांनी जोडले होते, आणि ही सारी थट्टा आहे हे शेवटी श्रेयनामावलीत उघड होते. पाहणाऱ्याला सावध करण्यासाठीच तो केला होता. पुढे त्याचे तुकडे शेवट वगळून फिरले आणि चांद्रमोहीम खोटी असल्याचा पुरावा म्हणून दाखवले गेले.

हा विनोद वाटत असेल, तर अक्कलकुव्याच्या दक्षिणेला, शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला चला. कराचीत एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक छोटी जागृतीपर फिल्म केली होती. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, क्षणात परत आणून सोडतात, आणि मूल पळवायला एवढाच वेळ लागतो असा इशारा देणारा फलक धरतात. कुणीतरी मूल परत आणण्याचा भाग आणि फलक कापला. उरला तो अपहरणाचा ‘पुरावा’. २०१८ च्या उन्हाळ्यात हा आणि असले व्हिडिओ भारतभर मोबाईलवरून फिरत होते, आणि खानदेशात मुले पळवणारी टोळी आल्याची हाकाटी होती. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारले. पाचही जण गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच चॅटपुरताच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली.

राईनपाड्याबद्दल बोलताना ‘अडाणी जमाव’ असा शब्दप्रयोग सर्रास झाला. मला तो खटकतो. डोंगरातल्या माणसाने मोबाईलवर आलेल्या चित्रावर विश्वास ठेवला तो अडाणी, आणि पुण्यात बसून इंग्रजी उपशीर्षकांसह ‘प्लॅनडेमिक’ पाहणारा जिज्ञासू, ही वर्गवारी कुणी केली? मराठी मध्यमवर्गाने तर कटाच्या साहित्याचा सांभाळ पिढ्यानपिढ्या केलेला आहे. ताजमहाल हे मुळात हिंदू देवालय होते हा सिद्धान्त ज्यांनी देशभर नेला ते पुरुषोत्तम नागेश ओक मराठीच. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली त्यांची याचिका टोपी उडवून फेटाळली, म्हणून वाचक थोडेच कमी झाले. ओकांच्या मांडणीत खऱ्याचा कण होता. ताजची जागा आधी राजा मानसिंहाच्या घराण्याची होती आणि शाहजहानने जयसिंहाला बदल्यात दुसऱ्या हवेल्या दिल्या, हे बादशहाच्या दरबारी इतिहासातच नोंदलेले आहे. जागेच्या व्यवहाराची ही सरळ नोंद ताणून इमारतीपर्यंत नेली की सिद्धान्त तयार. ताजच्या तळघरातल्या २२ बंद खोल्यांत काय दडवले आहे, हा प्रश्न २०२२ मध्ये पुन्हा न्यायालयात गेला. तीही याचिका फेटाळली गेली, आणि पुरातत्त्व खात्याने खोल्यांच्या डागडुजीची छायाचित्रे प्रसिद्ध केलेली होती. खोल्या दिसल्या म्हणून कुणी दावा मागे घेतल्याचे मी ऐकलेले नाही.

‘काय दाखवले तर तुम्ही दावा मागे घ्याल?’ हा प्रश्न प्रत्येक कटपटाला विचारावा. सातपुड्यात या प्रश्नाची एक जुनी आणि भीषण परीक्षा चाललेली आहे. तिचे नाव डाकीण. पाड्यावर मूल दगावते, गुरे मरतात, कुणी सुकत जातो. कारण कळत नाही. मग भगत सांगतो की हे कुणीतरी केले आहे, आणि बोट एखाद्या बाईकडे जाते. बऱ्याचदा ती एकटी, विधवा, आणि जिच्या नावावर थोडी जमीन आहे अशी असते. तिने नाकारले, तर डाकीण कधी कबूल करते का. मारहाणीने कबूल केले, तर पाहा, तिनेच सांगितले. ती गप्प राहिली तरी तेच. आजारी माणूस बरा झाला तर तिने भिऊन सोडले, मेला तर तिने सोडले नाही. आरोपातून बाहेर पडायला तिच्यासाठी दारच ठेवलेले नसते. महाराष्ट्राने २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा केला आणि एखाद्याला करणी करणारा ठरवून त्याचा छळ करणे हा गुन्हा झाला. ‘लूज चेंज’ आणि डाकिणीचा आरोप यांची घडण एकच आहे: अकल्पित दुःख, त्यामागे हेतू असलाच पाहिजे ही खात्री, कुणाचा फायदा झाला याची विचारपूस, आणि नकार हाच पुरावा. फरक पडतो तो मार कुणाला बसतो यात. अमेरिकी सरकारला फिल्मने ओरखडा येत नाही, पाड्यावरच्या बाईला गाव सोडावे लागते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. गरिबांविरुद्ध कट होतच नाहीत का? होतात, आणि त्याहून जास्त वेळा जे होते त्याला कट म्हणणे म्हणजे करणाऱ्यांच्या कार्यक्षमतेचा गौरव करणे आहे. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस हजारो मुलींना दिली गेली, त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. सात मुली दगावल्या, आणि मोठे वादळ उठले. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पण संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघड झाले, आणि २०१३ साली संसदीय समितीने या साऱ्या प्रकारावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. कटपट करणाऱ्याला यातले पहिले वाक्य पुरते: आदिवासी मुलींवर प्रयोग, सात मृत्यू. सरकारी प्रवक्त्याला मधले पुरते: लशीचा संबंध नाही. दोघेही तिसरे टाळतात, आणि खरा अपराध तिसऱ्यात आहे. त्या मुलींच्या आईबापांना कुणी विचारलेच नाही.

२०२१ मध्ये नर्मदाकाठच्या गावांत करोनाची लस घेऊन पथके बोटीने गेली, तेव्हा लस घेतल्याने माणूस मरतो, मूल होत नाही, असल्या बातम्या त्यांच्या आधी पोचलेल्या होत्या. त्या खोट्या होत्या. पण ज्या माणसांनी आधी ‘पुनर्वसन पूर्ण’ असे सरकारी कागदावर पाहिलेले आहे, त्यांना ‘लस सुरक्षित’ हाही तसाच एक कागद वाटला, तर दोष सगळा त्यांच्या बुद्धीचा मानता येत नाही. खोट्या फिल्मला गिऱ्हाईक मिळते ते खऱ्या फसवणुकीमुळे. म्हणून नुसती फिल्म खोडून भागत नाही, आधीच्या फसवणुकीचा हिशेब मान्य करावा लागतो. एका पथकाने लस देताना पुनर्वसनाचा विषय काढावा असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की ज्या दिवशी तलाठ्याने लावलेली यादी खरी निघते, त्या दिवशी डॉक्टरचेही काम थोडे हलके होते.

आपल्याला हलगर्जीपेक्षा कावा पचायला सोपा जातो. कुणीतरी बुद्धिमान दुष्ट माणूस माझ्या मागे लागला आहे, यात एक प्रकारचा मान असतो. माझी फाईल नंदुरबारला टेबलाखाली पडून राहिली, यात कसला मान? आणि म्हणूनच कटपट पाहताना माणसाला आपण हुशार झाल्यासारखे वाटते. कष्टाने मिळवलेल्या ज्ञानाचा आनंद इथे विनाकष्ट मिळतो. असे वाटू लागले की सावध व्हावे, एवढी खूण मी स्वतःपुरती धरलेली आहे.

खरा कट सिद्ध करणे किती अवघड असते, याचा नमुना महाराष्ट्राला ठाऊक आहे. दाभोलकरांच्या खुनाला जवळजवळ अकरा वर्षे झाल्यावर, मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोन मारेकऱ्यांना जन्मठेप दिली आणि तिघांना सोडले. सूत्रधारापर्यंत तपास यंत्रणा पोचल्या नाहीत, हेही निकालात आले. यामागे कुणीतरी होते याबद्दल आपल्यापैकी पुष्कळांची खात्री आहे, माझीही आहे. पण माझी खात्री आणि पुरावा यांतले अंतर न्यायालयाने पुसले नाही, ते बरे झाले. उद्या या विषयावर माहितीपट आला आणि त्याने ते अंतर पार्श्वसंगीताने भरून काढले, तर त्याची बाजू माझी असली तरी मी त्यावर विश्वास ठेवू नये. आपल्या बाजूचा कटपट पारखणे हीच खरी कसोटी. विरोधकाच्या फिल्ममधल्या चुका काढायला अक्कल लागत नाही.

अक्कलकुवा आणि अक्राणीच्या शाळांत, आश्रमशाळांत आणि महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. तुमच्यासमोर बसलेल्या मुलांपैकी काहींचे आजोबा ‘अ नर्मदा डायरी’तल्या गावांचे असतील. त्यांना तो चित्रपट जरूर दाखवा. त्याच आठवड्यात १८ ऑक्टोबर २०००चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही त्यांच्यासमोर ठेवा: धरणाला परवानगी देणारे दोन न्यायमूर्तींचे बहुमत, आणि पर्यावरणाची नीट तपासणी होईपर्यंत काम थांबवा म्हणणारे न्यायमूर्ती भरुचांचे वेगळे मत, दोन्ही. मोर्स समितीच्या अहवालाचा सारांश मराठीत, आणि जमले तर पावरी-भिलीत, करून द्या. मग कच्छला पाणी पोचल्याचे सांगा आणि मणिबेलीच्या कोणत्या घरांना जमीन अजून मिळायची आहे, ते मुलांनाच गावात जाऊन विचारून यायला सांगा.